पेन्सिलीनं

आमच्या घरी काळ्या पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक आहे,
रविवारी उघडायचं.
त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर
आजोबांच्या टाकापासून माझ्यापर्यंत
सगळ्यांची नावं, जन्म, बाप्तिस्मा.
शाईनं.

माझ्या नावाखाली आईनं पेन्सिलीनं लिहिलं :
सानू. आला, नाताळाआधीचा मंगळवार.
जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती.

परतवाड्याच्या पुढे,
डोंगर सुरू व्हायच्या जरा अलीकडे आमचं गाव.
समितीच्या बाई अमरावतीहून जीपनं आल्या,
त्याला ओसरीवर उतरवलं, कागद वाचून दाखवला :
दत्तक नाही, सांभाळायला.
आडनाव कासदेकर, तेच राहील.
बाबांनी सही केली.

चक्कीवर बाया म्हणाल्या, ‘बाटवाले आनलं पोट्टं.’
चर्चच्या पायरीवर पाळक म्हणाले,
‘शांतवनभाऊ, ह्याचा बाप्तिस्मा कधी?’
दोन्हीकडे बाबांचं उत्तर एकच :
‘पोरगं देलं सांभाळाले.
नाव नाई देलं बदलाले.’
आणि सायकल काढून दवाखान्यात, पट्ट्या बांधायला.

रात्री तो उठून बसायचा. म्हणायचा, डा. डा.
आईला वाटायचं, भ्यायलं लेकरू.
ती कंदिलाची वात मोठी करी,
पाठीवरून हात फिरवी, प्रार्थना करी.
तो आणखीच रडे.
आठव्या दिवशी टोपल्या विकायला आलेली म्हातारी
ओसरीवर टेकली, आणि हसत म्हणाली,
आमच्या कोरकूत डा म्हणजे पाणी, बाई.

त्या दिवशी आईनं भाजी करपवली.
सात रात्री, ती म्हणत होती, सात रात्री
तहानलेल्याला मी नुसती थोपटत होती.

तेव्हापासून त्याच्या उशाशी तांब्या.

भाकर मात्र तो लपवायचा.
कुटाराच्या पोत्यात, बाबांच्या बुटात,
संत्र्यांच्या रिकाम्या खोक्यात,
आणि एकदा माझ्या कंपासपेटीत.
भूमितीच्या तासाला पेटी उघडली
तर कर्कटकाच्या टोकावरून मुंग्यांची रांग.
अख्खा वर्ग हसला.

संध्याकाळी घरी कोणी नव्हतं.
मी काळं पुस्तक उघडलं, खोडरबर घेतलं
आणि त्याचं नाव खोडत बसले.
जुना कागद. खोडता खोडता
ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं,
पलीकडच्या पानावरचं अर्धं अक्षर दिसू लागलं.

आईनं पाहिलं. बोलली नाही.
मारलं असतं तर फिटलं असतं.
तिनं पेन्सिलीला टोक काढलं
आणि भोकाच्या बाजूला पुन्हा लिहिलं, सानू.

चौथ्या वर्षी त्याची माय आली,
वीटभट्टीवरून, मध्यप्रदेशातून, पायांना भेगा.
सोबत समितीचा कागद.
ओसरीच्या कडेला बसली, कपातला चहा निवला तरी उचलला नाही.
सानू दाराआडून तिच्याकडे बघत राहिला,
मग जाऊन तिच्या पदराचा वास घेतला.

आईनं पिशवीत स्वेटर दिला, लशींचं कार्ड,
फडक्यात चार भाकरी.
त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या
मला कळलं नाही.
एकीला कोरकू येत नव्हतं,
दुसरीचा आवाजच निघत नव्हता.

एसटी गेली.
आई घरात आली आणि झाडू लागली.
पोतं उपसलं, बूट झटकले, खोके उलटे केले,
माझी कंपासपेटीसुद्धा उघडून बघितली.
कुठेच भाकर सापडली नाही.
शिळी नाही, ताजी नाही, तुकडा नाही.
भुईवर बसून ती रडली,
आणि मला वाटलं, तो गेला म्हणून.

आता पुस्तक माझ्याकडे आहे.
मागच्या महिन्यात लेकीचं नाव लिहायला बसले,
पेनातली शाई फडक्याला टिपून घेतली.
माझ्या नावाखालची ओळ फिकट झाली आहे,
उन्हात तिरपी धरली तर वाचता येते.
मी तिच्यावरून पेन फिरवलं नाही.
तो कुठे आहे, त्याला चालेल का, कोणाला विचारू?
लेकीचं नाव एक ओळ सोडून लिहिलं.